भरल्या घरचं कापड

"मावशीले आताच कावून यायचं असते? दोन महिन्यानं आल्या असत्या तं काय बिघडलं असतं?"

पडद्याच्या पलीकडं माझी मुलगी प्रणाली फोनवर नवऱ्याजवळ कुरकुरत होती आणि अलीकडं मी सुईत दोरा ओवत होते. आमच्या अकोल्याच्या घरात या दोन खोल्यांच्या मधे दार नाही, पडदा आहे. भिंतीला कान असतात म्हणतात. पडद्याला तर तोंडही असतं. दोरा नेढ्यातून निसटला. मी तो ओठानं ओला करून पुन्हा धरला, आणि पलीकडं अमोलराव काय म्हणाले ते काही ऐकू आलं नाही. प्रणाली नुसती "हं, हं" करत राहिली.

तिला सातवा महिना लागला होता. बाळंतपणासाठी ती अमरावतीहून माझ्याकडं आली होती. आणि 'मावशी' म्हणजे शकुन. ती काही माझी सख्खी बहीण नाही, मैत्रीण आहे. प्रणालीचं कॉलेज अमरावतीला झालं, तेव्हा होस्टेलच्या जेवणानं पोरगी पार वाळून गेली होती. शकुन रोज संध्याकाळी डबा घेऊन दोन किलोमीटर चालत जायची. चार वर्षं. पोळी, वांग्याची भाजी, आणि प्रणालीला आवडतो म्हणून वेगळ्या पुडीत ठेचा.

खरं तर मी पडदा सरकवून पोरीला चार शब्द सुनवायला पाहिजे होते. मी दुसऱ्या सुईत दोरा ओवला.

शकुनची आणि माझी ओळख भांडणातून झाली. एकतीस वर्षांपूर्वी जठारपेठेत एका लेडीज टेलरच्या दुकानाबाहेर चिंध्यांची एक पिशवी ठेवलेली होती, आणि तिच्या एका कानाला मी धरलं होतं, दुसऱ्या कानाला ती. दोघी नव्या सुना, दोघींच्या हातात हिरवा चुडा. पिशवीत वर एक निळी वायल होती, मोहरीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची.

"मी पह्यले पाह्यली," मी म्हटलं.

"पाह्यनं वेगळं, धरनं वेगळं," ती म्हणाली.

टेलर आतून ओरडला, "बायांनो, चिंध्या हायेत त्या, पैठनी नाही!" शेवटी आम्ही त्याच्याच कात्रीनं ती वायल अर्धी-अर्धी केली. तिचा अर्धा बोटभर मोठा होता. ते ती आजही कबूल करत नाही.

तेव्हापासून कापड हेच आमचं बोलणं. लग्नात लोक नवरी पाहतात, आम्ही नवरीच्या मागं बसलेल्या बायांची लुगडी पाहायचो. कोण्या घरची म्हातारी गेली की शकुन आधी हळहळायची, मग हळूच विचारायची, "तिच्या इरकली कोनाले देल्ल्या असतीन व?" कापड ती गालाला लावून पाहायची. टेरीकॉट म्हटलं की सापावर पाय पडल्यासारखं तोंड करायची. "थे घाम नाही पेत, बाई. ज्या कपड्यानं घाम नाही पेला, थो काय मानसाच्या कामाचा?" शिवण्यात माझा हात चांगला, पण निवडण्यात तिचा डोळा. कोणत्या चौकोनाशेजारी कोणता ठेवला म्हणजे दोन्ही उठून दिसतात, हे मी तिच्याकडूनच शिकले. मला ते कोणी वर्गात शिकवलं नाही, तिलाही नाही.

पुढं तिचे यजमान भगवंतराव एसटीच्या वर्कशॉपमधून बदलून अमरावतीला गेले. मग ओळखीच्या कंडक्टरबरोबर तुकड्यांची पुडकी येऊ लागली, आणि पुडक्यात चिठ्ठी. "हा तुमच्या शेजारच्या नितेशच्या पोरीसाठी. चौकात लाव."

चौकात म्हणजे वाकळेच्या मधोमध. गोधडीला आम्ही वाकळ म्हणतो. आमच्याकडं बाळाची पहिली वाकळ सात घरच्या जुन्या कपड्याची असते. नवं कापड बाळाला टोचतं, आणि एकाच घरचं असलं तर दुसऱ्या घरची नजर लागते, म्हणून सात. पण ती घरं भरलेली पाहिजेत. भरलेली म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. ज्या बाईला सांगायची गरज असते, तिलाच ते सांगता येत नाही.

शकुनची पहिली दोन राहिलीच नाहीत. तिसरा झाला, तो अकरा दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशी बारसं होतं. मला निरोप मिळाला नव्हता. मी पाळण्याला बांधायची नवी दोरी पिशवीत घेऊन गेले होते. ती पिशवीतून बाहेर काढली नाही, तशीच परत आणली. त्यानंतर तिला पुन्हा दिवस गेले नाहीत.

अशा बाळवाकळा मी आजवर चाळीसच्या वर शिवल्या असतील. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या टाक्यांवर मुतून मोठी झाली. आणि त्या चाळीसपैकी एकाही वाकळेत मी शकुनचा तुकडा लावला नाही.

ती फोनवर विचारायची, "लावला काय व?"

"लावला न. खालून लावला, अंगाकडच्या बाजूनं. नरम होता म्हनून."

मोबाईल आले तशी ती फोटो मागायची. मी वरच्या बाजूचा फोटो पाठवायचे.

ते तुकडे मी वाया घालवले नाहीत. इतकं चांगलं कापड वाया घालवणाऱ्यातली मी नाही. त्यांची मी माझ्यासाठी वाकळ शिवली. माझी दोन लेकरं झाली होती, ऑपरेशनही झालं होतं. मला आता भ्यायचं काही कारण नव्हतं.

मी अडाणी नाही. नववीपर्यंत शाळेत गेले, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांवर. हळदीकुंकवाला विधवा बायांनाही बोलवा, असं मी महिला मंडळात उभं राहून बोलले आहे. टाळ्या पडल्या होत्या.

गेल्या वर्षी प्रणालीला पाचवा महिना होता, तेव्हा शकुन तिच्या सासरी वडाभात घेऊन गेली. पोरीनं पोटभर खाल्लं. संध्याकाळी पोटात दुखायला लागलं. घरी दुसरं कोणी नव्हतं. शकुननंच तिला ऑटोत घातलं, दवाखान्यात नेलं, सकाळपर्यंत तिचा हात धरून बसली, आणि तिचे भरलेले कपडे घरी नेऊन स्वतःच्या हातानं धुतले. बाळ राहिलं नाही.

आठ दिवसांनी माझ्या विहीणबाई पार्वताबाईंचा फोन आला. चांगल्या आहेत स्वभावानं. इकडचं-तिकडचं बोलून म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची मैत्रीन होती म्हना घरी."

"हो," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

बस. याहून जास्त कोणी बोललं नाही. आणि याहून कमी बोलून इतकं सांगताही येत नाही. या वेळी पोरीला माहेरी पाठवताना त्यांनी एवढंच सांगितलं, "वाकय तुमीच शिवजा माणिकबाई, तुमचा हात चांगला हाय. सात घरं मात्र पाहून घेजा."

शकुन सकाळी दहाच्या गाडीनं आली. एका हातात वरुडच्या संत्र्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कापडाची. दारातूनच, "काय व माणके, लठ्ठ झाली तू! पोटुशी कोन हाय, तू का पोट्टी?"

प्रणाली नमस्काराला पुढं झाली तशी शकुननं तिला खांद्याला धरून थांबवलं. "वाकू नोको, वाकू नोको." मग तिचा हात पोरीच्या पोटाकडं गेला. प्रणाली अर्धं पाऊल मागं सरकली. अर्धंच. शकुनचा हात तिथून वळला आणि संत्र्याच्या पिशवीत गेला. "हे घे. सोलून देऊ? आंबट नाही, मी चाखून आनले."

चहा झाल्यावर ती पलंगावर मांडी घालून बसली. मी सहा घरचे सहा तुकडे मांडून ठेवले होते. तिनं एकेक उचलला, गालाला लावला, जागा बदलली. दोन मिनिटांत माझी मांडणी तिनं अशी फिरवली की मलाच माझे तुकडे ओळखू येईनात.

"सहाच? सातवं कोनाचं?"

"पाहून राहिली," मी म्हटलं.

"पाहतं कायले? मी कायले आली मंग?"

तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेलं कापड काढलं. मलमल होती. पांढरी, त्यावर मेंदीच्या पानाएवढी हिरवी पानं, आणि धुऊन धुऊन अशी मऊ की पलंगावर ठेवल्यावर ती पसरली नाही, सांडली. माझा हात आपोआप गेला. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं जुनं कापड माझ्या हाताला लागलं नव्हतं.

"माह्या मायचं पातय," शकुन माझ्याकडं न पाहता घडी सरळ करत म्हणाली. "तेल्हाऱ्याहून आनलं, भावजयीजवळून. मायले नऊ लेकरं. नऊच्या नऊ हायेत आजपावतो. थोरला पासष्टचा हाय, अजून सायकल चालवते."

मी काही विचारलं नव्हतं. तिनं सगळा हिशोब घरूनच लावून आणला होता. नियम तिला कोणी सांगितला नव्हता, तरी तो तिला तोंडपाठ होता, आणि त्या नियमात बसेल असं कापड आणायला ती अमरावतीहून तेल्हाऱ्यापर्यंत जाऊन आली होती. स्वतःच्या घरचं नाही. भरल्या घरचं.

"रंग निघन याचा," मी म्हटलं.

तिनं वाटीत गरम पाणी घेतलं, मलमलीचं टोक बुडवून माझ्या पांढऱ्या रुमालात दाबून धरलं. रुमाल उघडून माझ्यासमोर धरला. पांढराच्या पांढरा.

सोफ्यावरून माझे यजमान सहदेवराव पेपराआडून बोलले, "जुनं हाय. दोन धुन्यात विरन."

शकुननं कापड दोन्ही हातांनी आडवं ताणलं. सुतानं हू की चू केलं नाही. "भाऊजी, तुमच्या बनियनीपेक्षा पक्कं हाय."

प्रणाली म्हणाली, "मावशी, डॉक्टर म्हनतात जुन्या कपड्यानं इन्फेक्शन होते."

"मंग हे सहा काय दवाखान्यातून आनले?" शकुन हसली. आम्ही तिघंही हसलो. खूप हसलो, गरजेपेक्षा जास्त.

"डांबरगोळीचा वास येते," मी म्हटलं. हे माझ्याजवळचं शेवटचं होतं.

"येते खरा," तिनं नाकाला लावून पाहिलं. "आज रातभर भिजू घालतो. सकाऊन उन्हात टाकलं की दुपारपावतो शिवाले घेऊ." आणि ती उठून रुमाल वाळत घालायला गच्चीवर गेली.

दोन मिनिटांत तिची वरून हाक आली. "माणके, वर ये."

शकुन यायची असली की मी माझी वाकळ दिवाणात सगळ्यात खाली घालते. इतक्या वर्षांत कधी चुकले नाही. पण त्या दिवशी प्रणालीनं दिवाण रिकामा करून सगळी पांघरुणं उन्हात टाकली होती. जिन्याच्या चौदा पायऱ्या आहेत. तेवढाच वेळ मला मिळाला.

शकुन माझ्या वाकळेच्या मधोमध बसली होती आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवत होती. "हा आचलच्या पोराले देल्ला होता. हा नितेशच्या पोरीचा, संगं चिठ्ठी होती. हे दोन सारखे, त्या प्रतीक्षाच्या जुळ्याइसाठी, याच्यासाठी मी आख्खं अमरावती पालथं घातलं होतं. आन हे. आन हे बी." तिनं मान वर केली. "सगळे तुह्याजवयच?"

"मोह झाला," मी म्हटलं.

"कायचा?"

"तू पाठवलेलं कापड दुसऱ्याच्या घरी द्याले मन नाही झालं मले. खोटं बोलली तुह्यासंगं. मीच पांघरतो."

खोट्यातलं शेवटचं वाक्य खरं असलं की खोटं छान बसतं. हे मला शिवण्यातून कळलं आहे. अस्तर कसंही असो, वरचा टाका सरळ पाहिजे.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं माझ्या मांडीवर अशी चापट मारली की शेजारच्या गच्चीवरचं कबूतर उडालं. "चोट्टी! इतके वर्षं मले थापा मारून राहिली, आन सवताच पांघरून राहिली! फोटो पाठवते म्हने वरच्या बाजूचा!" ती हसत हसत वाकळेवर आडवी झाली. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पदर ओढून घेतला, आणि पदराखालून बोलली, "मले वाटलं होतं..."

"काय?"

"काही नाही व. लोकायच्या मनात वंगाळ, तं मले बी वंगाळच सुचते. तुह्याबद्दल सुचाले नव्हतं पाह्यजे." थोड्या वेळानं म्हणाली, "पन यावेळेस नोको चोरू. यावेळेस चौकात लाव."

"लावतो," मी म्हटलं.

ती तिथंच झोपून गेली, तोंड उघडं ठेवून, माझ्या वाकळेवर, स्वतःच्या कापडावर. मी बाजूला बसून तिच्या अंगावरची सावली सरकताना पाहत होते. मला तिची खूप माया आली. हे मी सांगते आहे ते स्वतःची बाजू घेण्यासाठी नाही. माया आली, एवढंच.

संध्याकाळी शकुन मोरीत बादलीत मलमल भिजू घालत असताना प्रणालीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तू काहीतरी कर न."

"काय करू?"

"मले नाही माहीत. तू कर."

तिचे दोन्ही हात पोटावर होते. ती इंजिनियर आहे. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. गेल्या वर्षी त्या रात्री जिचा हात धरून ती रडली, त्याच बाईच्या आईचं लुगडं ती पोटापासून लांब ठेवायला सांगत होती, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला मावशी नको होती असं नाही. तिला बाळ पाहिजे होतं.

"नकोच म्हनून सांगून टाकू काय?" मी विचारलं.

"सांगू नको! तसं कसं सांगतं?"

सकाळी शकुन बारीक पांढरा दोरा आणायला बाजारात गेली. "तुह्या घरचा दोरा हाय का सुतळी? मलमलीले भोकं पाडशीन." जाताना सांगून गेली, "बादलीतली मलमल पिळून ठेवजो."

ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खिडकीत उभी होते.

ओटीत येणाऱ्या ब्लाऊजपीसचा प्रत्येक बाईच्या कपाटात एक ढीग असतो. इकडून आलेला तिकडं द्यायचा, तिकडून आलेला इकडं. शिवत कोणीच नाही. त्यातला एक लाल मी काढला. नवाकोरा, घडी न मोडलेला, असा की नुसत्या घामानंही रंग सोडील. बादलीतलं थंड पाणी ओतून दिलं. गॅसवर पाणी तापवलं. मीठ टाकलं तर रंग धरतो, म्हणून मीठ टाकलं नाही. मलमल खाली, लाल कापड वर, आणि मी दोन्ही हातांनी दाबून धरलं. रंग कसा जाऊ नये हे मला जितकं कळतं तितकं अकोल्यात थोड्या बायांना कळत असेल. म्हणून तो कसा घालवायचा तेही मला कोणाला विचारावं लागलं नाही.

आधी कडा गुलाबी झाल्या. मग पानं मातकट झाली. वीस मिनिटांनी सगळंच कापड कोणी पानाची पिंक टाकल्यासारखं झालं. मी बादली तशीच ठेवली आणि उपमा करायला घेतला.

शकुन आली ती दोऱ्याची रिळं माझ्यासमोर नाचवत. "पाह्य, केसापेक्षा बारीक! दुकानदार म्हने, बाई, डोये हायेत काय तुमचे इतके? म्हटलं, माहे नाही, माह्या मैत्रिनीचे..." बोलत बोलतच ती मोरीकडं गेली.

मोरीतून काही आवाज आला नाही. मी गॅस बंद केला.

ती बादलीपाशी उकिडवी बसली होती. एका हातात लाल ब्लाऊजपीस, दुसऱ्या हातात मलमल. "हे कोनं टाकलं?"

सहदेवराव चटकन बोलले, "मी माहा रुमाल टाकाले गेल्तो सकाऊन. थ्याच्यासंगं गेलं असन एखांदं." लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसानं आजवर स्वतःचा रुमाल बादलीत टाकलेला नाही.

प्रणाली दारात आली. "मीच टाकला मावशी. चुकून झालं. सॉरी."

"तुले वाकता येत नाही, बेटा," शकुन हळू म्हणाली.

"लिंबू लावू," मी म्हटलं. "मीठ-लिंबू लावून उन्हात टाकू. निघन."

शकुननं मलमल पिळली. पाणी निथळेपर्यंत पिळली, झटकली, आणि मोरीच्या कठड्यावर सरळ पसरली, एखाद्याच्या अंगावर घालावी तशी. मग तिनं माझा हात धरला आणि तळवा वर केला. माझे दोन्ही हात मनगटापर्यंत गुलाबी होते. मी साबणानं घासले होते, तरी नखांच्या कडेला राहिलं होतं.

"गरम पानी घेतलं तू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आम्ही दोघी एखाद्या तिसऱ्या बाईच्या शिवणातली चूक पाहताना असतो तसा होता. "थंड पान्यात इतकं उतरत नाही. मीठ बी नाही टाकलं."

"चुकलं माह्यानं."

"तुह्यानं कपडा नाही चुकत, माणके."

प्रणालीनं भिंतीला टेकून डोळे मिटले. सहदेवरावांनी पेपर उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"काल म्हने, मोह झाला," शकुन म्हणाली. "मी तं खरं धरलं. तेवढा वेळ लय बरं वाटलं मले." ती उठली आणि गुडघ्याला हात लावून क्षणभर थांबली. "बाया ओटी भराले बसतात. माह्यापाशी आल्या की ताट पुढं सरकते. बारशाले गेली की म्हनतात, 'तुमी बसा व शकुनबाई, दमल्या असान.' इतके वर्षं झाले, मी दमलेलीच हाय. कोनी सांगत नाही काहून. तुही विहीन सांगत नाही. माही सासू मरून गेली, मरेपावतो तिनं नाही सांगतलं. भगवंतराव बी नाही सांगत, ते कूस बदलतात. सगळे लय चांगले हायेत. तू तं सगळ्यात चांगली."

"मावशी, जाऊ द्या न," प्रणाली रडायला लागली होती. "आपन दुसरं आनू. तुमच्याच पसंतीचं आनू."

"तू आत जाय, बेटा. तुले रडाचं नाही असते या दिवसात."

प्रणाली गेली नाही.

शकुननं ओले हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की मला तिच्या तोंडाला संत्र्याचा वास आला. "मले तुह्याजवयून दुसरं काही नोको. वाकय नोको, चौक नोको. तू तोंडानं म्हन. एकडाव कोनीतरी तोंडानं म्हना. तू माही हाय म्हनून तुलेच सांगतो. म्हन, मंग मी बाराच्या गाडीनं जातो."

"आई, नको," प्रणाली म्हणाली.

मला वाटलं होतं की मला रडू येईल. आलं नाही. मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं, आणि माझा आवाज मलाच अगदी साधा ऐकू आला, भाजीचा भाव सांगावा तसा.

"तुहं एकही लेकरू जगलं नाही, शकुन. तुहा हात लागला की माह्या पोरीचंही जगनार नाही, असं वाटते मले. आजच नाही. पह्यलेपासून वाटते."